धक्क्याला बांधलेली बोट सगळ्यांनाच आवडते

दर सप्टेंबरात इथे इंग्लंडात साउथॅम्प्टनला मोठा बोट शो भरतो, मेफ्लॉवर पार्कसमोर तरंगते धक्के टाकतात आणि त्याला ओळीने बोटी बांधून ठेवतात. मी फोटो टाकले की घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याला गं ही?" यावेळी किंमत सोडून दुसरंच लिहिणार आहे, कारण गेली काही वर्षं त्या बोटी बघून मला मनापासून काळजी वाटायला लागलीय.

आत गेलात की आधी डोळे दिपतात. जमिनीपासून छतापर्यंत काचा, पांढरे सोफे, मधोमध किचनचा ओटा आणि त्याला टोकदार कोपरे, वाइनचा वेगळा फ्रिज, मागची अख्खी भिंत खाली उघडून तिचा पाण्यालगतचा ओटा होतो, त्याला बीच क्लब म्हणतात. मग मी हात ठेवायला जागा शोधते. छताला दांडी नाही, जिन्याला एकाच बाजूने कठडा, तोही गुडघ्यापेक्षा जरा वर. टेबलाला कडेने पट्टी नाही, म्हणजे बोट हलली की ताटं सरळ मांडीवर. पलंग खोलीच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी मोकळा, लाटांत त्यावर झोपायचं कसं? उन्हात पडायची गादी रुंद हवी म्हणून बाजूने पुढे जायची वाट इतकी अरुंद की नांगराशी काही अडकलं तर रात्री वाऱ्यात तिथपर्यंत माणूस कसा जाणार हे कुणी विचारलेलंच नसतं. आणि इंजिन कपड्यांच्या कपाटामागे!

मी इथे हॅम्बल नदीवरच्या एका क्लबात शीड चालवायला शिकते. पहिल्याच दिवशी शिकवतात, एक हात बोटीसाठी आणि एक हात स्वतःसाठी. सोलंट नावाच्या इथल्या सामुद्रधुनीत वारा आणि भरती-ओहोटी समोरासमोर आली की छोटी बोटही वीस-पंचवीस अंश कलून तासन् तास तशीच धावते, तेव्हा आत चहा करायचा म्हणजे काय असतं ते केल्याशिवाय नाही कळत. तिथे प्रत्येक दांडी, प्रत्येक गोल कोपरा कुणीतरी विचार करून ठेवलेला असतो. पण बोट विकत घेणारा माणूस तिला बघतो तो धक्क्याला बांधलेली असताना, आणि बांधलेल्या बोटीत काच आणि सोफाच दिसतो हो, बाकी काही दिसतच नाही.

दांड्या-कठडे ही तर वरवरची गोष्ट झाली. कुठलीही बोट कलली की तिच्यात परत सरळ व्हायची ताकद असते, ती काही अंशांपर्यंत वाढते, मग कमी होत होत एका कोनाला शून्य होते. त्याच्या पुढे गेली की बोट आपल्या आपण परत येत नाही. शीडबोटीच्या पोटाखाली जड कील असते ती यासाठीच, वजन खाली असेल तर हा कोन मोठा राहतो. आमच्या क्लबातली जुनी मंडळी याबद्दल फार गंभीर असतात, कारण त्यांना १९७९ ची फास्टनेट शर्यत आठवते. इथूनच, काउजहून ३०३ बोटी निघाल्या, वादळात सापडल्या, १५ स्पर्धक गेले, काही बोटी पार उलट्या होऊन काही वेळ तशाच राहिल्या. त्यानंतर या कोनाकडे लोक बारकाईने बघायला लागले.

आणि मग २०२४ ला बायेशियन ही शीडबोट बुडाली. बातमी सगळ्यांनी वाचली असेल, मोठा ब्रिटिश उद्योगपती माइक लिंच आणि त्याची १८ वर्षांची मुलगी त्यात गेली. १९ ऑगस्टची पहाट, सिसिलीत पोर्टिचेल्लोसमोर नांगर टाकलेला, ५६ मीटरची बोट, त्यावर २२ माणसं, त्यातली ७ मेली. २००८ साली इटलीत बांधलेली. त्याच मालिकेतल्या बाकीच्या बोटींना दोन डोलकाठ्या होत्या, हिच्या पहिल्या मालकाला एकच हवी होती, उंच, शर्यतीच्या बोटीसारखी. ती झाली ७२ मीटरची! बोटीच्या लांबीपेक्षा उंच, जगातल्या सगळ्यात उंच ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्यांपैकी एक. फोटोत ती अप्रतिमच दिसते. पण शिडं उतरवलेली असली तरी एवढ्या उंच काठीवर आणि तिच्या ताणदोऱ्यांवर वारा जोर लावतच असतो. कीलही वर-खाली होणारी ठेवली होती, खाली सोडली तर बोटीला जवळजवळ दहा मीटर खोल पाणी लागायचं, वर घेतली की चारेक मीटर, म्हणजे देखण्या छोट्या बंदरांत जाता यावं.

बोटीवर ब्रिटिश झेंडा होता म्हणून इथल्या एमएआयबीने, म्हणजे सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने तपास केला, तिचं ऑफिस आमच्या साउथॅम्प्टनमध्येच आहे. मे २०२५ मध्ये त्यांचा अंतरिम अहवाल आला तो मी रात्री बसून वाचला. अपघाताच्या रात्री होती तशी अवस्था, म्हणजे शिडं खाली, कील वर, टाक्यांत इंधन-पाणी कमी, अशा वेळी बाजूने ६३.४ नॉट्सपेक्षा जास्त वारा, म्हणजे ताशी साधारण ११७ किलोमीटर, आला तर ती उलटण्याची शक्यता होती, आणि ७०.६ अंशांच्या पुढे कलली की परत सरळ होणार नव्हती. वारा आला ७० नॉट्सच्या वर. १५ सेकंदांच्या आत बोट ९० अंश आडवी. आणि ज्याने मला झोप लागली नाही ते हे, की बोटीवरच्या स्थैर्याच्या पुस्तकात हा धोका लिहिलेलाच नव्हता, म्हणजे मालकालाही माहीत नाही आणि कॅप्टनलाही नाही.

अपघात झाल्याबरोबर मात्र सगळं माणसांवर गेलं. ज्या गटाकडे आता ती बांधणारी कंपनी आहे त्याच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं की बोट न बुडणारी होती, चूक क्रूची. दारं-झडपा उघड्या राहिल्या असतील म्हणे. अहवाल सांगतो की उजव्या बाजूच्या कठड्यावरून पाणी येईपर्यंत आत पाणी भरल्याची काही खूण नव्हती. कील वर ठेवणंसुद्धा त्या पुस्तकातल्या नियमात बसत होतं. तरी इटलीत चौकशी कॅप्टन आणि दोन क्रू मेंबर यांच्यावर लागली. कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल, मी काही न्यायाधीश नाही. पण ज्याच्या हातात बोट देता त्याला ती कुठल्या वाऱ्यात मरेल हे सांगायचंच नाही, हे मला सहन होत नाही.

त्या रात्री बायेशियनच्या जवळच सर रॉबर्ट बेडन पॉवेल नावाचं जुन्या घाटाचं दोन डोलकाठ्यांचं जहाज नांगरलेलं होतं. त्याच्या कॅप्टनने इंजिन लावून जहाज जागेवर धरलं, आणि नंतर बायेशियनवरून वाचून तराफ्यावर आलेल्या १५ जणांना त्यांनीच उचललं. त्यांना अगदी तेवढाच वारा लागला असं मी म्हणत नाही, असे झोत फार छोट्या पट्ट्यात येतात. तरी ते जहाज उभं राहिलं.

मी मुंबईकडची म्हटल्यावर क्लबातले एक आजोबा लगेच म्हणाले, "सुहेली तुमच्याकडचीच!" खरंच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता एकटे जगाला फेरी मारून पहिले आले ती ३२ फुटी सागवानी सुहेली मुंबईत बांधलेली. हळू, गोल पोटाची, जुन्या नॉर्वेजियन बचावबोटींच्या वळणाची. तिचीच प्रतिकृती थुरिया गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली, आणि २०१८ च्या सप्टेंबरात भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ती घेऊन दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले, तिथेही वारा ७० नॉट्सच्या आसपासच. बोट पूर्ण गडगडली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. पण ती परत सरळ झाली आणि मदत येईपर्यंत तरंगत राहिली. डोलकाठी गेली तरी माणूस वाचला. या बोटींचा फोटो कुणी वॉलपेपर म्हणून लावत नाही, मला मात्र त्या फार फार सुंदर वाटतात.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडची बरीच मंडळी आता ग्रीसला, क्रोएशियाला आठवड्यासाठी यॉट घेतात, गोव्यात वाढदिवस यॉटवर करतात. जरूर करा. फक्त चढल्यावर सेल्फीच्या आधी पाच मिनिटं काढा, खालच्या खोलीतून दाराशिवाय वर यायची दुसरी वाट कुठली ते बघा आणि ती झडप स्वतःच्या हाताने एकदा उघडा. लाइफजॅकेट मुलांच्या मापाचं आहे का बघा. रात्री वाऱ्याचा इशारा असेल तर जागं कोण राहणार ते स्किपरला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला विचारा, आणि तो नुसता हसला तर बोट बदलून मागा. आमच्या मामाने पुढच्या उन्हाळ्यासाठी क्रोएशियातल्या स्प्लिटला बोट बुक केलीय, त्याने मला अठरा फोटो पाठवले, त्यात चार जकुझीचे. मी त्याला कंपनीकडून आतला नकाशा मागायला सांगितलाय, आला की त्याच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर बसून एकेक खोली बघणार आहे.