पाय मोडलेला ‘क’ आणि इंग्रजी वाचन

इंग्लंडमध्ये मूल चार वर्षांचे झाले की ‘रिसेप्शन’ नावाच्या वर्गात जाते आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्याचे वाचन सुरू होते. आमची धाकटी त्या वर्गात गेली तेव्हा शाळेने पालकांची सभा बोलावली होती. वर्गशिक्षिकांनी फळ्यावर एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे लिहिली आणि आम्हा मोठ्यांकडून त्यांची नावे नव्हे, तर नुसते आवाज म्हणवून घेतले. एस म्हणजे ‘स’ नाही, दातांमधून हवा सुटते तेवढा ‘स्स्स’. त्यामागे ‘अ’ येऊ देऊ नका, असे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले.

मी घरी नेमके तेच करत होते. बाराखडीवर वाढलेल्या माझ्या जिभेला ‘क’ म्हटले की त्यात ‘अ’ आलाच. त्यामुळे ‘कॅट’ हा शब्द फोडून दाखवताना मी ‘क, ॲ, ट’ असे म्हणायचे आणि मुलगी ते तिन्ही तुकडे मन लावून म्हणूनही शब्दापर्यंत पोहोचत नसे. एका संध्याकाळी मी भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्यापाशी बसून तिला ‘क’चा पाय मोडून दाखवला आणि पाय मोडला की त्यातला ‘अ’ निघून जातो, हे सांगितले. तिने पेन्सिल घेतली, वहीतल्या इंग्रजी सी आणि टी या दोन्ही अक्षरांखाली तिरकी रेघ ओढली आणि ‘कॅट’ असे एका दमात वाचले. नुसता आवाज कसा असतो, हे तिला आपल्या लिपीतल्या त्या लहानशा खुणेने समजावले, याचा आनंद मला आजही आहे.

आवाजांचा एवढा आग्रह का, हे समजून घेण्यासाठी मी मेंदूविषयीचे संशोधन वाचू लागले. लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची आहे, त्यामुळे वाचनासाठी म्हणून मेंदूत जन्मतः वेगळी जागा घडलेली नाही. पॅरिसचे मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांच्या मांडणीनुसार, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या डाव्या बाजूच्या भागातील एक तुकडा शिक्षणामुळे अक्षरांच्या कामाला लागतो, आणि लिपी कोणतीही असली तरी वाचणाऱ्यांच्या मेंदूत ही जागा जवळजवळ तीच सापडते. बोलणे मूल ऐकून आपोआप उचलते. वाचनासाठी मात्र दिसणाऱ्या खुणेची आणि आवाजाची गाठ कोणीतरी मुद्दाम बांधून द्यावी लागते.

मुले बी आणि डी यांची गल्लत का करतात, याचे उत्तरही इथेच मिळते. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच, हे ओळखण्याची सवय मेंदूला आधीपासून असते, आणि अक्षरे शिकताना हीच उपयोगी सवय मोडावी लागते. आपल्याकडे एकमेकांकडे पाठ फिरवलेल्या ज्या ३ आणि ६ वरून छत्तीसचा आकडा हा वाक्प्रचार आला, ते अंकही लहान मुले उलटसुलट लिहितात, हे आठवून पाहावे. अशा मुलाला निष्काळजी म्हणून रागावणे हा अन्याय आहे.

२०१५ साली स्टॅनफर्डचे ब्रूस मॅक्कँडलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांना एक बनावट लिपी शिकवून पाहिली. जे शब्द अक्षर आणि आवाज जोडून शिकवले होते, ते वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, म्हणजे सराईत वाचकाच्या बाजूचा, प्रतिसाद जास्त दिसला. अख्ख्या आकृतीवरून पाठ करवलेल्या शब्दांच्या वेळी तो उजवीकडे झुकला. त्यानंतर मी घरातले अख्ख्या शब्दांचे पत्ते कपाटात ठेवून दिले.

इंग्लंडमध्ये २००६ साली जिम रोझ यांच्या अहवालाने आवाज जोडत वाचण्याची ही पद्धत सर्व शाळांसाठी सुचवली, आणि २०१२ पासून रिसेप्शनच्या पुढच्या इयत्तेत, जूनमध्ये, प्रत्येक मुलाची छोटी चाचणी होते. त्यात ४० शब्द असतात. २० खरे आणि २० बनावट, आणि बनावट शब्दाशेजारी एका परग्रहवासी प्राण्याचे चित्र असते. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने विचारले, “अगं, ज्याला अर्थच नाही ते पोरीला कशाला वाचायला लावतात?” मी तिला सांगितले, “आई, पाठ केलेलं कोणतं आणि खरंच वाचलेलं कोणतं, ते त्याशिवाय कसं कळणार?” तिचे समाधान झाले नाही, आणि तिच्या प्रश्नात तथ्य आहे. आवाज जोडता येणे म्हणजे वाचन नव्हे. शब्द उच्चारल्यावर त्याचा अर्थ मनात उमटण्यासाठी मुलाजवळ बोललेल्या भाषेचा साठा हवा. म्हणूनच मुलांचे इंग्रजी सुधारावे यासाठी घरातले मराठी बंद करणाऱ्या इथल्या आपल्या माणसांना मी कळकळीने सांगते की तसे करू नका. गोष्टीतला लांडगा आधी मराठीत भेटलेला असला, तर इंग्रजी पुस्तकात मुलाला फक्त त्याचे नाव नवे असते.

इंग्रजी मुळातच अवघड आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तुलनेत पहिल्या वर्षाच्या शेवटी फिनलंडची मुले ओळखीचे साधे शब्द ९८ टक्के अचूक वाचत होती, तर स्कॉटलंडची ३४ टक्के. देवनागरीत आकार आणि आवाज यांचा मेळ पुष्कळ जवळचा आहे. भार पडतो तो अक्षरांच्या मोठ्या संख्येचा, मात्रांचा आणि जोडाक्षरांचा. आमच्या तक्त्यावर आम्ही आता ‘भ’ आणि ‘म’पर्यंत आलो आहोत. धाकटी अजून दोन्हींत गोंधळते, आणि मी तिला बोटाने ‘भ’ची ती सुरुवातीची गाठ पुन्हा गिरवायला लावते.