खाऱ्या हवेत चांदीचं पाणी

एप्रिलात पुतण्या पेढीवर आला. "काका, ९९.९ टंचाची चांदीची तार व्हयी. वीत-वीतभर, दोन."

"कशाक रे?"

"चांदीचा पाणी करूचा आसा."

म्हणजे विजेने तारेतली चांदी पाण्यात उतरवायची आणि ते पाणी औषध म्हणून प्यायचं. मोबाइलवर कुणीतरी दाखवलं होतं: नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, दोन तारा, पेलाभर पाणी. कोकणात, आचऱ्यात, आम्हा सोनारांच्या तीन पिढ्या चांदी गाळण्यात गेल्या, पण ती मुद्दाम पाण्यात सोडणारा हा पहिलाच.

पेल्यात त्याने आमच्याच बावीचं पाणी घेतलं. दोन मिनिटांत तारेभोवती पांढरे धागे तरंगायला लागले. "झाला, काका!" तो खूश. मला मात्र आजोबा आठवले. आम्ही चांदी तेजाबात विरघळवतो, वर मिठाचं पाणी ओततो, आणि दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. त्याला सिल्व्हर क्लोराइड म्हणतात, आणि पेल्यातला साका तोच होता. उन्हात ठेवला तर जांभळट-करडा पडला. जुने फोटोचे कागद चांदीच्या याच गुणावर काळे पडत.

दोष त्याच्या बॅटरीचा नव्हता, खाडीचा होता. उन्हाळ्यात बावीला खारट ओढ लागते. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या पुतण्याच्या टीडीएस मीटरवर आकडा आला ६४०. मग मलाच खाज सुटली, की या गावात चांदी टिकेल असं पाणी मिळतं तरी कुठे?

तुरटी फिरवली. गढूळपणा बसला, आकडा उलट चारने चढला. कँडलच्या फिल्टरने काही फरक नाही. उकळून निम्मं आटवलं तर अकराशेच्या वर. वाफ जाते, मीठ टोपातच राहतं, हे आमटी आटवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, तरी "उकळून घ्या" सांगणारे भेटतातच. यूव्हीचं यंत्र जंतू मारतं, क्षाराला हातही लावत नाही, म्हणून ते तपासायच्या भानगडीत पडलो नाही.

शेजारच्या आरओचं पाणी ४६ दाखवत होतं. पुतण्याला वाटलं, जमलं. पण मीटर नुसती वीज वाहते किती ते बघतो, क्षार कुठला ते सांगत नाही. माझ्याकडे सिल्व्हर नायट्रेट होतं (सोनाराची बोटं काळी का, त्याचं एक कारण हे). एक थेंब टाकला, आणि पाणी ताकाच्या निवळीसारखं धुरकटलं. मिठातलं क्लोराइड शिल्लक होतंच. जुलैत पागोळ्यांचं पाणी धरलं, पहिल्या सरी सोडून. मीटरवर १४. तेही किंचित धुरकटलं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पाऊससुद्धा मीठ घेऊन उतरतो.

राहिलं ऊर्ध्वपातन. मोठा टोप, मधे तिवईवर वाटी, वर उलटं झाकण, झाकणावर बर्फ. पहिल्या खेपेला पाणी रटरटून वाटीत उडालं, आकडा ९. दुसऱ्यांदा आच अगदी मंद ठेवली: २. नायट्रेटचा थेंब टाकला, पाणी काचेसारखं. दोन तासांत तांब्याभरसुद्धा नाही. बायको दारातून म्हणाली, "सिलिंडर फुकट येता काय?" खरं तर पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी ३ दाखवत होतं, तेही थेंबाला निर्मळ राहिलं. पण ते पिण्यासाठी केलेलं नसतं.

आणि इथेच मूळ मुद्दा निघाला. "पिऊक?" मी पुतण्याला विचारलं. तो गप्प.

हिशेब साधा आहे. एक मिलिअँपिअर वीज तासभर वाहिली की तारेवरून सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. ती सगळी लिटरभर पाण्यात राहिली, तर लिटरला ४ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे चाळीस पट. पाणी जितकं शुद्ध केलं, तितकी चांदी नीट टिकणार, इतकंच. ती पोटात गेल्याने बरं होतं असं नाही. अमेरिकेच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने १९९९ सालीच ठरवलं, की चिठ्ठीशिवाय दुकानात मिळणारी चांदीची अशी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांची कातडी निळी-करडी पडू शकते, त्याला अर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग सहसा जात नाही. चांदी जंतू मारते हे खरं. पण बाळाला चांदीच्या वाटीतून दूध पाजणं वेगळं, आणि चांदीच घोटणं वेगळं.

"पण काका, दागिन्याची तार चालली असती मा?" जाता जाता त्याने विचारलंच. ९२.५ च्या चांदीत उरलेलं बहुतेक तांबं असतं, बाबा. ते कशाक पाण्यात सोडतंस?

तारा मी परत घेतल्या, वजन करून. मीटरवर २ दाखवणारं उरलेलं पाणी बायकोने इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतलं.