गप्प इलेक्ट्रोडचं काय करायचं

एएलएस (हालचाल चालवणारे मोटर न्यूरॉन हळूहळू मरत जातात तो आजार), पार्किन्सन, अल्झायमर असल्या आजारांवर काम करते म्हटलं की लोकांना वाटतं ही दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसत असणार. खरं सांगायचं तर माझा बराचसा वेळ स्क्रीनवरच्या आठ बाय आठ चौकोनांकडे बघण्यात जातो आणि त्यातल्या कितीतरी चौकोनांत नुसती खरखर असते, बाकी काही नाही. आज त्या खरखरीबद्दलच लिहायचंय, कारण धडाधड फायर करणाऱ्या, म्हणजे विजेचे सिग्नल सोडणाऱ्या, न्यूरॉन्सबद्दल (चेतापेशींबद्दल) सगळेच लिहितात, गप्प बसलेल्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आधी थोडं सेटअपबद्दल. मल्टिइलेक्ट्रोड ॲरे म्हणजे काचेच्या तळात बसवलेले बारीक इलेक्ट्रोड, नेहमीच्या चिपमध्ये साधारण ३० मायक्रोमीटर रुंदीचे आणि एकमेकांपासून २०० मायक्रोमीटरवर, आणि त्यांच्यावर न्यूरॉन्स वाढवायचे. न्यूरॉन फायर करतो तेव्हा त्याच्या आत जवळजवळ १०० मिलिव्होल्टची उडी असते आणि ती एक-दोन मिलिसेकंदांत आटपते. पण आपला इलेक्ट्रोड बाहेर आहे ना, म्हणजे भिंतीपलीकडचं भांडण ऐकल्यासारखं, त्याच्यापर्यंत पोचतात जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्ट, अगदी नशीब जोरावर असेल तर शंभर-दोनशे. मग नॉइजच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पाचपट वगैरे थ्रेशोल्ड, म्हणजे किमान पातळी, लावायचा आणि त्याच्या पलीकडे गेलं की स्पाइक म्हणायचं. म्हणजे इलेक्ट्रोड गप्प आहे याचा पहिला अर्थ एवढाच, की थ्रेशोल्डच्या पलीकडे काही गेलं नाही.

आतलं नीट ऐकायचं असेल तर पॅच क्लॅम्प आहेच, म्हणजे काचेची बारीक नळी (पिपेट) थेट पेशीला चिकटवून मोजायचं. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका आयन चॅनेलचा (पेशीच्या आवरणातलं आयनांचं दार) करंट मोजून दाखवला आणि १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अजूनही त्याला तोड नाही. पण एका वेळी एक पेशी, आणि ती पेशी पिपेट काढल्यावर सहसा दुसऱ्या दिवशी बघायला मिळत नाही. हे आजार तर हळूहळू वाढणारे, मग तीच डिश आठवडेच्या आठवडे ऐकत बसण्याला पर्याय नाही.

आणि पेशी कोणाच्या? जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींपासून स्टेम सेल (कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी) करून दाखवले, आणि २००८ मध्ये एएलएस झालेल्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या त्वचेपासून मोटर न्यूरॉन बनवले गेले. मला हे अजूनही भारी वाटतं. फक्त एक गोम आहे, पेशी अशी रीप्रोग्राम केली की तिचं वयही बरंचसं पुसलं जातं, म्हणजे साठीत दिसणारा आजार आपण दोन-तीन महिन्यांच्या न्यूरॉनमध्ये शोधत असतो.

तरी सापडतं काहीतरी. २०१४ मध्ये बोस्टनच्या ग्रुपने दाखवलं की एएलएस पेशंटच्या पेशींपासून केलेले मोटर न्यूरॉन नॉर्मलपेक्षा जास्त फायर करतात, कारण ब्रेक लावणारा पोटॅशियम करंट कमी पडतो, आणि एझोगॅबिन हे पोटॅशियम चॅनेल उघडणारं अपस्माराचं औषध दिलं की फायरिंग खाली येतं आणि न्यूरॉन जास्त टिकतात. पुढे ६५ पेशंटवर ट्रायल झाली, तिचे रिझल्ट २०२१ मध्ये छापून आले, जास्त डोसवर मोटर न्यूरॉन्सची उत्तेजितता खरोखर कमी झाली होती. दहा आठवड्यांच्या ट्रायलमधून आजाराचा वेग कमी झाला की नाही हे कळणं शक्यच नव्हतं, आणि त्या औषधाने त्वचा निळसर पडायची, डोळ्यांच्या पडद्यावरही परिणाम व्हायचा, २०१७ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढूनच घेतलं. पण डिशमध्ये दिसलेली गोष्ट माणसात मोजता आली, हे काही कमी नाही.

आता गंमत बघा. २०१५-१६ च्या दुसऱ्या पेपर्समध्ये एएलएसचेच न्यूरॉन कमी फायर करताना दिसले. मग खरं कोण? एका पेपरने आठवड्यांमागून आठवडे तेच कल्चर (डिशमध्ये वाढवलेल्या पेशी) बघितलं तर सुरुवातीला न्यूरॉन जास्त उत्तेजित आणि नंतर हळूहळू फायरिंगच जमेनासं झालेलं, आणि तोवर पेशी मेलेल्याही नव्हत्या. माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तरीही लोक एकाच दिवसाचा बार ग्राफ टाकून मोकळे होतात. तिसऱ्या आठवड्यात बघितलं तर आरडाओरडा, दहाव्यात बघितलं तर शुकशुकाट, आणि दोन्ही तोच आजार असू शकतो.

असू शकतो म्हणतेय, कारण शुकशुकाटाला कारणं ढीगभर. न्यूरॉन एकमेकांना ओढत गोळे करतात आणि इलेक्ट्रोडवरून उठून बाजूला जाऊन बसतात, विशेषतः लॅमिनिनचं (पेशींना धरून ठेवणारं प्रथिन) कोटिंग नीट नसेल तर, मग पेशी ठणठणीत आणि इलेक्ट्रोड गप्प. सोबत ॲस्ट्रोसाइट (न्यूरॉन्सना आधार देणाऱ्या पेशी) नसले तर कल्चर पिकायलाच खूप वेळ घेतं. मीडियमचा (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाचा) तर वेगळाच किस्सा, वर्षानुवर्षं सगळे जे मीडियम वापरत होते त्यात न्यूरॉन जगतात छान पण फायरिंग दबलेलं राहतं, हे २०१५ मध्ये व्यवस्थित दाखवलं गेलं आणि तेव्हाच ब्रेनफिज नावाचं नवीन मीडियम आलं. मीडियम बदलल्या बदल्या रेकॉर्डिंग घेतलंत तर वेगळंच चित्र दिसणार, थांबायला हवं. आणि पाणी उडतं! इन्क्युबेटरमध्ये ओलावा असला तरी उडतं, मीडियम घट्ट होतं, पेशी रुसतात. पॉटर आणि डीमार्स यांनी २००१ मध्ये टेफ्लॉनच्या पातळ फिल्मने डिश बंद करून कल्चर वर्षाच्या वर टिकवून दाखवली ती याच कारणामुळे, गॅस आत-बाहेर जातो पण पाण्याची वाफ अडते. मल्टिवेल प्लेटमध्ये (एकाच प्लेटमध्ये अनेक छोटे खड्डे, म्हणजे वेल) कडेचे वेल आधी सुकतात, त्यामुळे पेशंटच्या लाइन (एकाच माणसापासून वाढवलेल्या पेशी) सगळ्या कडेला आणि कंट्रोल मधे अशी प्लेट कोणी लावली असेल तर मी तो डेटा बघतच नाही.

म्हणून गप्प इलेक्ट्रोडला प्रश्न विचारावे लागतात. कॉर्टिकल (मेंदूच्या बाह्यपटलातल्या न्यूरॉन्सचं) कल्चर असेल आणि पिकलेलं असेल तर बायकुकुलिन टाकायचं, ते इन्हिबिशन, म्हणजे न्यूरॉन्सनी एकमेकांना लावलेला ब्रेक, काढून टाकतं, पेशी जिवंत आणि जोडलेल्या असतील तर अख्खं नेटवर्क एकदम बर्स्ट करायला लागतं, काही मिनिटांपूर्वी मेल्यासारखी दिसणारी डिश असते हो ती! शेवटी टेट्रोडोटॉक्सिन हे विष. सोडियम चॅनेल बंद, सगळं बंद. आणि तरीही कुठला इलेक्ट्रोड स्पाइक दाखवत राहिला तर तो न्यूरॉन नव्हताच, तो मेन्सचा हम (वीजपुरवठ्याची गुणगुण) किंवा सैल कॉन्टॅक्ट, त्याचा सगळा डेटा काढून टाकायचा, कितीही सुंदर दिसत असला तरी. त्यानंतर प्लेट फिक्स करून (पेशी रसायनाने आहेत तशा गोठवून) स्टेन करायची, म्हणजे रंगवायची, आणि प्रत्येक इलेक्ट्रोडवर खरंच पेशी होती का ते मोजायचं, हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बरेच जण टाळतात.

एवढं करूनही पेशंटची लाइन गप्प निघाली, आणि क्रिस्परने (जनुकात बदल करायच्या तंत्राने) तेवढंच एक म्युटेशन दुरुस्त केलेली जुळी लाइन शेजारच्याच वेलमध्ये, त्याच मीडियममध्ये, त्याच आठवड्यात फायर करत असली, तर तिथून पुढे आजाराबद्दल बोलायला माझी हरकत नाही.