मान, कंबर आणि घरातले कार्यालय

पुण्यातील एका कंपनीचे हिशेब मी नागपुरातील मनीषनगरच्या घरून सांभाळते, आणि माझ्या दुखण्याचे वेळापत्रक जीएसटीच्या वेळापत्रकाशी बरेचसे जुळत असे. महिन्याच्या अकरा तारखेला जीएसटीआर-१ आणि वीस तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची मुदत असते. त्या दोन्हींच्या आधीच्या दिवसांत मान उजव्या खांद्यापर्यंत आखडायची, कंबर जड व्हायची आणि खुर्चीवरून उठताना पहिली दोन पावले वाकूनच टाकावी लागायची. सासूबाई रात्री तिळाचे तेल कोमट करून मान चोळून देत असत. त्याने झोप लागे, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सारे पूर्ववत होई.

धंतोलीतील ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे मी गेले, त्यांनी तपासण्यापूर्वी बरेच प्रश्न विचारले: वेदना गुडघ्याच्या खाली उतरते का, हातापायाची ताकद कमी झाली आहे का, जांघेच्या भागात बधिरपणा आहे का, लघवी-शौचावरचे नियंत्रण कमी झाले आहे का, ताप येतो का, वजन विनाकारण उतरले आहे का. यांपैकी काहीही असते तर तपासण्यांची वाट वेगळी असती. तसे नसल्यामुळे एमआरआयची सध्या गरज नाही, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मला थोडे चुकल्यासारखे वाटले. कारण अहवाल हातात आला की दुखण्याला नाव मिळते. त्यावर त्यांनी समजावले की ज्यांना काहीच दुखत नाही, अशा विशीतील माणसांपैकीही सुमारे ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज दिसते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आढळले आहे. त्यामुळे चित्रात दिसलेली झीज हेच दुखण्याचे कारण असेल, असे नाही. अंथरुणात पडून राहू नका, हालचाल चालू ठेवा, असे बजावून त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. शेजारच्या काकूंनी आपुलकीने दिलेला कंबरपट्टाही मी बाजूला ठेवला, कारण दीर्घकालीन कंबरदुखीसाठी तो नेहमी वापरू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शक सूचना सांगतात.

फिजिओथेरपिस्टने पहिल्याच भेटीत मला काम करतानाचे, बाजूने काढलेले छायाचित्र मागितले. लॅपटॉपची अडचण त्याच्या रचनेतच आहे: पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हात सुखात ठेवायचे तर मान खाली जाते, आणि मान सरळ ठेवायची तर हात वर उचलावे लागतात. डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते खांद्यांच्या वर असते तोवर मानेच्या स्नायूंना फारसे कष्ट नसतात, पण जसजसे ते पुढे झुकते तसतसा मागच्या स्नायूंवरचा ताण कितीतरी पटींनी वाढत जातो. उपाय स्वस्त निघाला. वेगळा कळफलक आणि माऊस घेतला आणि लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवला. जेवणाच्या टेबलाची खुर्ची माझ्या उंचीला मोठी होती, म्हणून पायांखाली पाट ठेवला आणि कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी अडकवली.

येथे एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात मला सापडली नव्हती. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. पण माझ्यासारखा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणारा चष्मा असणारा माणूस जवळचे पाहण्यासाठी काचेचा खालचा भाग वापरतो, आणि पडदा वर गेला की तो हनुवटी उचलून, मान मागे टाकून वाचू लागतो. माझी मान त्यामुळे आता दुसऱ्या बाजूने दुखू लागली. दिवाळी अंकांचा निम्मा गठ्ठा काढून पडदा थोडा खाली आणि किंचित मागे कलता केल्यावर ते थांबले.

आमच्या नागपूरच्या उन्हाळ्याचाही यात वाटा होता. खिडकीत कूलर, समोरच्या भिंतीला प्लग, आणि हवेचा झोत कागदांवर येऊ नये म्हणून मी टेबलाशी तिरकी बसत असे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर असे पीळ घेऊन बसल्यावर कंबर न दुखली तरच नवल. एक्स्टेंशन बोर्ड आणून टेबलच फिरवले. कूलर भरण्यासाठी पंधरा लिटरची बादली, म्हणजे पंधरा किलो वजन, सकाळी अवघडलेल्या कमरेतून वाकून उचलण्याऐवजी नळाला लांब पाइप जोडला; आता बादली फक्त पाणी येत नसेल तेव्हाच उचलते, तीही अर्धी, गुडघ्यांत वाकून आणि अंगाजवळ धरून.

फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम अगदी साधे होते आणि म्हणूनच कंटाळवाणे. हनुवटी मागे ओढून मान लांब करणे, खांद्यांची पाती एकमेकींजवळ आणणे, ओणवे होऊन पाठ कमानीसारखी वर-खाली करणे, उताणे झोपून नितंब उचलणे. सुरुवातीला स्नायू दुखले. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत असेल तर मात्रा ठीक आहे, उतरत नसेल तर ती कमी करायची, हा त्यांनी दिलेला निकष मला सर्वांत उपयोगी पडला, कारण त्यामुळे प्रत्येक कळेला घाबरणे थांबले. मला विचाराल तर खुर्चीइतकेच, कदाचित अधिक, महत्त्व उठण्याला आहे. टेबल कितीही नीट लावले तरी एकाच स्थितीत तासभर बसले की ते अपुरे पडते. त्यामुळे कंपनीचे फोन मी उभ्याने, घरात फेऱ्या मारत घेते आणि पाण्याची बाटली मुद्दाम टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरात ठेवते.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. मान काही आठवड्यांत मोकळी झाली, कंबरेने मात्र बराच वेळ घेतला, आणि आजही वीस तारखेच्या आसपास ती कुरकुरते. अशा वेळी मी व्यायाम बंद करत नाही, त्यांची संख्या निम्मी करते, रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेकते आणि चालणे चालू ठेवते. वेदना पायात उतरली किंवा बधिरपणा जाणवला, तर मात्र घरचे उपाय करत न बसता धंतोली गाठायची, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच ठरवून दिले आहे.