नागपुरात ऑल-सीझन टायर? मी काऊन नाही घेतले

जुलैमधली गोष्ट. बुटीबोरीहून घरी येऊन राहिलो होतो, पाऊस नुकताच थांबलेला, वर्धा रोडवर स्पीड नव्वदच्या आसपास, आणि उजव्या लेनमध्ये डिव्हायडरला लागून साचलेलं पाणी मला दिसलंच नाही. एकदम स्टेअरिंग हलकं झालं. हलकं म्हणजे त्याच्याखाली चाकंच नाहीत असं. गाडी सरळ जात होती पण ती मी नव्हतो चालवत. ब्रेक मारला नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, दीड-दोन सेकंदांत टायर परत रोडला लागले. मागच्या सीटवर पोरगी झोपलेली होती, तिला काहीच कळलं नाही. घरी येऊन आधी गेजनं टायरच्या खाचा मोजल्या, समोरच्या दोन्ही टायरांत अडीच मिलिमीटर उरलेल्या. कायद्यानं १.६ पर्यंत चालते, पण पाणी कापायला अडीचही पुरत नाही हे त्या दिवशी मला समजलं.

गाडी आहे फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, दीड लिटर टर्बो, १५० पीएस ताकद, २५० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे चाकं फिरवायचा जोर, दोन वर्षांत ४४ हजार किलोमीटर झालेली. चारही टायर बदलायचे ठरवले.

माझा मावसभाऊ म्युनिकला असतो. दादाकडे गोल्फ जीटीआय आहे आणि चाकांचे दोन सेट, ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर, बाकी वेळ समर. तिकडे बर्फात विंटर टायर नसले तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. त्याला फोन केला तर तो पहिले हेच म्हणाला की तुमच्याकडे थंडी किती पडते ते सांग. आता नागपूरची थंडी म्हणजे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता, तो आपला रेकॉर्ड. आणि २३ मे २०१३ ला ४७.९. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, साधारण सात डिग्रीच्या खाली समरचं रबर कडक पडते तिथे हे लवचिक राहते, शिवाय बर्फ पकडायला खाचांमधल्या रबराच्या प्रत्येक ठोकळ्यात बारीक बारीक चिरा असतात. हेच टायर मे महिन्यात आपल्या डांबरावर, जे दुपारी साठीच्या पार तापते, तिथे आणले तर ठोकळे वळणात वाकतात, ब्रेकला गाडी लांब जाते आणि रबर खोडरबरासारखं झिजते. सकाळी सात डिग्री असणारे दिवस आपल्याकडे बोटावर मोजण्याइतके, आणि दुपारी तर तेव्हाही पंचविशीच्या वर जाते.

मग ऑल-सीझन? मलाही नाव ऐकून तेच वाटलं होतं, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, आपले तिन्ही सीझन आले ना यात! पण हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांच्या सीझनमध्ये बर्फ आहे. ज्याच्यावर तीन शिखरं आणि आत हिमकणाचं चिन्ह असते तो खरा बर्फात चालणारा ऑल-सीझन, आणि त्यासाठी त्याच्या रबरात गरमीतली थोडी पकड सोडून द्यावी लागते. दादासारख्याला सेट बदलायचा नसेल तर तो सौदा बरोबर आहे. माझ्या गाडीत सगळा टॉर्क समोरच्याच दोन चाकांवर येते, मी ती पकड काऊन सोडू?

पहिल्या दुकानात भाऊ म्हणाला, घेऊन टाका साहेब, हा ऑल-सीझनच आहे. पाहिलं तर साधाच टायर, ते चिन्ह कुठेच नाही. खाली वाकून तारखेचा कोड वाचला, १८२२, म्हणजे २०२२ चा अठरावा आठवडा, दोन वर्षांहून जास्त पडून असलेला. मी तिथून निघालो.

शेवटी दुसरीकडून चांगल्या वेट ग्रिपचे, म्हणजे ओल्या रोडवर चांगली पकड असलेले समर टायर घेतले. साइज कंपनीचीच, २०५/५५ आर १६, आणि ९१ व्ही, म्हणजे एका टायरला ६१५ किलो आणि २४० च्या स्पीडपर्यंत. एच, म्हणजे व्हीपेक्षा कमी स्पीडचा, थोडा स्वस्त मिळत होता, नाही घेतला. कोड २३२४. आणि हवा, भाऊ लोक, हवा सकाळी गाडी थंड असतानाच भरा, दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे ते पाहून. समृद्धीवर सिमेंटच्या रोडवर तासन् तास १२० नं जायचं असेल तर कमी हवेचा टायर वारंवार दबून आतून तापते, आणि मग फुटते. मी आता घरीच छोटा पंप ठेवला आहे, दर पंधरा दिवसांनी पाहतो.

पहिले तीनशे किलोमीटर दमानं चालवले. परवा रात्री बुटीबोरीहून येताना त्याच जागी पुन्हा पाणी होतं, यावेळी लांबूनच दिसलं, सत्तरवर आणून गेलो. खालून पाण्याचा आवाज आला, स्टेअरिंग जड होतं तसंच जड राहिलं.