कांदोळीच्या तळाचं पाणी

एम.एस्सी.चा शेवटचा प्रकल्प गोव्यातल्या दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत करायला मिळाला, तेव्हा वेंगुर्ल्याला आईने देवापुढे साखर ठेवली. त्याआधी कॉलेजचं शिफारसपत्र आणि अर्ज यातच दीड महिना गेला. ज्यांना जायचंय त्यांनी पत्राच्या मागे आधीपासून लागावं, एवढंच सांगते.

माझं काम समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचं. पद्धत विंकलरची, १८८८ सालची. रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी भरून वाहू द्यायचं, मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड पाण्याच्या आत सोडायचं आणि बूच असं लावायचं की मोहरीएवढाही बुडबुडा राहता कामा नये. ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी होतो. मग आम्ल घातलं की जितका ऑक्सिजन तितकं पिवळं आयोडीन सुटतं, ते थेंबाथेंबाने दुसरं द्रावण घालून मोजायचं, म्हणजे टायट्रेशन. स्टार्चचा निळा रंग एका थेंबात जातो, तो थेंब ओळखायचा. एकाच पाण्याच्या दोन बाटल्यांचे आकडे जुळायला हवेत. माझे तीन आठवडे जुळले नाहीत. माझ्या मार्गदर्शक मॅडम रागावल्या नाहीत. "आकडा ओढून जुळवू नकोस, परत भर," एवढंच म्हणायच्या. चौथ्या आठवड्यात सापडलं: मी नळी बाहेर काढताना घाई करत होते, तेवढ्यात हवा आत जायची.

संस्थेबद्दल बोलताना लोक मोठ्या गोष्टी सांगतात, आणि त्या आहेतच मोठ्या. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी ती उभी राहिली, पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर. २६ जानेवारी १९८१ ला 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातू गोळे वर काढले. माजी संचालक डॉ. कासिम यांनी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम नेली. द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वाचं काम झालं. मला मात्र खरी थोरवी दिसली ती कांदोळीसमोरच्या एका ठिकाणी. किनाऱ्यापासून जवळच, जेमतेम २५-३० मीटर खोल. १९९७ पासून संस्थेची माणसं तिथे पुन्हा पुन्हा जाऊन पाणी मोजतायत. असं काम वर्तमानपत्रात येत नाही.

सप्टेंबरात मलाही होडीत जागा मिळाली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलावरचं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी आमच्या किनाऱ्याकडे वर सरकतं. वर पावसाचं आणि नद्यांचं गोडसर, हलकं पाणी पसरलेलं, त्यामुळे खालच्याला हवा मिळत नाही. सडणारं शेवाळ उरलासुरला ऑक्सिजनही खातं. तो संपला की जिवाणू नायट्रेटवर जगतात, तेही संपलं की सल्फेटवर, आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मधल्या टप्प्यात नायट्रस ऑक्साइडही बाहेर पडतो, जो हवा तापवणारा वायू आहे. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं.

दोराला बांधलेली निस्किन बाटली, म्हणजे दोन्ही टोकांना उघडी आणि हव्या त्या खोलीवर मिटणारी नळी, खाली सोडली. पितळी वजन दोरावरून सर्रकन गेलं, हाताला हलका झटका लागला, म्हणजे खाली झाकणं मिटली. वर आल्यावर तोटी उघडली आणि सडक्या अंड्याचा वास, हायड्रोजन सल्फाइडचाच, होडीभर पसरला. तांडेल सुकाणूवरूनच म्हणाले, "बाय, हांगा नुस्तें मेळचें ना." म्हणजे इथे मासळी मिळणार नाही. त्यांना वासावरूनच कळलं होतं, माझे बाबाही गणपतीनंतर कधी कधी असंच जाळं रिकामं घेऊन यायचे. का ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सल्फाइड मोजायला वेगळी बाटली, ते उडून जाऊ नये म्हणून झिंक ॲसिटेट घालून, बंद केली. मग माझ्या दोन बाटल्या. नळी सावकाश काढली. वरच्या पाण्याच्या बाटल्यांत दाट तपकिरी साका बसला होता. तळाच्या दोन्हींत तो पांढराशुभ्र, दुधासारखा, आणि हलवून हलवूनही तसाच राहिला.

संध्याकाळी प्रयोगशाळेत आम्ल घातलं. आयोडीनचा पिवळा रंग आलाच नाही. वहीत तळाच्या खोलीसमोर मी शून्य लिहिलं. दुसऱ्या बाटलीसमोरही शून्य. मॅडमनी दोन्ही आकडे पाहिले आणि शेजारी सही केली.