पार्कफील्ड: खोल बोअरच्या गावाला

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासची लेट्युसची शेतं मागे पडली की हायवे 101 हळूहळू कोरडा होत जातो. सॅन आर्डोजवळ तेल उपसणारे पंप दूरवर रांगेनं खालीवर होत असतात. त्यापुढे सॅन मिगेल. तिथल्या जुन्या मिशनच्या आवारात आम्ही जरा पाय मोकळे केले. 22 डिसेंबर 2003 च्या सॅन सिमियन भूकंपात (6.5 तीव्रता) या मातीच्या विटांच्या वास्तूला एवढे तडे गेले की चर्च कित्येक वर्षं बंद ठेवावं लागलं. मामा भिंतीवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले.

मामा हेळवाकचे. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयना हादरली, सुमारे 180 माणसं गेली, तेव्हा ते शाळेत शिकत होते. "भूकंपाचं गाव बघाया एवढ्या लांब कशापायी? आपल्याकडं काय कमी हायती का?" गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं. त्यांना पार्कफील्ड दाखवायचंच, असं मी कधीपासून मनात धरलं होतं.

व्हाइनयार्ड कॅनियन रोड टेकड्यांतून वळणं घेत जातो. वसंतात गेलात तर गवत पोपटी असतं, मध्ये मध्ये ओकची झाडं आणि चरणारी गुरं. गाव येतं तेव्हा आलं असं वाटतच नाही. पाटीवर लोकसंख्या 18. एक कॅफे, एक लहानशी लॉज आणि पाण्याची टाकी. टाकीवर लिहिलंय, ही जगाची भूकंप राजधानी, तो होईल तेव्हा इथे हजर असा.

गावाजवळच लिटल शोलॅम ओढ्यावर पूल आहे. सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जमिनीतली लांबच लांब भेग, त्याच्याखालून जातो. पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे इथे भेटतात: एका टोकाला पॅसिफिक प्लेट, दुसऱ्या टोकाला उत्तर अमेरिकन प्लेट, तशा पाट्याही लावल्या आहेत. कठड्याला डोळा लावून पाहिलं की तो मध्ये वाकलेला स्पष्ट दिसतो. भ्रंशाच्या दोन बाजू इथे एकमेकींना घासत सावकाश सरकतात, वर्षाला दोनेक सेंटिमीटर. मामांनी कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर लावली आणि म्हणाले, "हे रोज चालूच असतंय व्हय?"

चालूच असतं, पण सगळीकडे सारखं नाही. जिथे खडक अडकून बसतो तिथे ताण साठतो आणि मग एकदम सुटतो. 1857, 1881, 1901, 1922, 1934, 1966: इथे साधारण 6 तीव्रतेचे भूकंप सरासरी 22 वर्षांनी आले. म्हणून 1985 मध्ये अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की पुढचा 1993 च्या आत येणार, आणि सगळा परिसर उपकरणांनी भरून टाकला. बोअरमध्ये सिमेंटनं पक्के बसवलेले ताणमापक तर एक अब्जांश भागाएवढा फरकही टिपू शकतात. भूकंप आला तो 28 सप्टेंबर 2004 ला.

"मग आधी कळलं का न्हाई?"

"नाही मामा. एवढी यंत्रं असूनही आधी ठळक असं काहीच दिसलं नाही."

ते गप्प झाले. त्यांचा प्रश्न खरा होता आणि मला त्यांना पुढचं सांगायचंच होतं. माझ्या मते या गावाचं मोठेपण 2004 च्या भूकंपात नाही, त्याच्या पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात आहे.

वायव्येकडच्या टेकड्यांत, खाजगी रँचच्या जमिनीवर, भ्रंशातच बोअर मारण्याचा 'सॅफॉड' प्रकल्प झाला. आधी 2002 मध्ये 2.2 किलोमीटरची चाचणी बोअर. मग 2004 पासून शेजारीच मुख्य बोअर, जी खाली गेल्यावर तिरपी वळवून जवळजवळ तीन किलोमीटर खोलीवर भ्रंशाच्या आरपार नेली. 2007 मध्ये तिथून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांत सॅपोनाइट नावाची मऊ, निसरडी माती सापडली. भ्रंशाचा हा भाग अडकून न बसता सरकत का राहतो, ते तिच्यामुळे बरंचसं उलगडलं.

त्याआधी, 2005 च्या अखेरीस भूकंपशास्त्रज्ञ फेंगलिन निऊ, पॉल सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन बोअर वापरल्या. एका बोअरमध्ये किलोमीटरभर खोल कंपनं सोडणारं यंत्र, दुसऱ्यात ती ऐकणारं. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं इथे खडकाला सतत टिचक्या मारत राहायचं आणि लहर या बोअरमधून त्या बोअरमध्ये किती वेळात पोचते ते मोजायचं. ताण वाढला की खडकातल्या बारीक भेगा मिटतात आणि लहर जरा लवकर पोचते. मोजमाप इतकं नाजूक होतं की वर हवेचा दाब बदलला तरी खाली लहरींच्या वेळेत फरक दिसायचा. दोन महिन्यांच्या या प्रयोगात वेळ दोनदा ठळकपणे बदलला. एकदा 3 तीव्रतेच्या भूकंपाआधी सुमारे साडेदहा तास, आणि एकदा 1 तीव्रतेच्या धक्क्याआधी सुमारे दोन तास.

दोन लहान धक्क्यांवरून भाकीत करता येत नाही, आणि ते संशोधकांनीही केलेलं नाही. तरी भूकंपाआधी खडकात काहीतरी होतं आणि जवळ जाऊन ऐकलं तर ते ऐकू येऊ शकतं, याचा एवढा थेट पुरावा मला दुसरीकडे आढळलेला नाही. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कोयनाच आठवली.

रँचच्या आत जाता येत नाही, त्यामुळे रस्त्याकडेला थांबून टेकड्या पाहिल्या आणि कॅफेत परतलो. जेवताना मामांना गोठण्याची बोअर सांगितली. पाटण तालुक्यातच, 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल गेलेली, वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण भेदून खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरलेली. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्राची प्रयोगशाळा आहे. मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "आमच्या दारात हाय आन् आमास्नी कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. मला हे फार लागलं. ज्यांची घरं पडली, त्यांना हे सगळ्यांत आधी कळायला हवं होतं.

कोयनेत भूकंप लहानशा पट्ट्यात, फारसे खोल नसलेले आणि 1962 ला धरणात पाणी अडवायला सुरुवात झाल्यापासून होत आलेत. दर पावसाळ्यात धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरतो, उन्हाळ्यात उतरतो, आणि त्याबरोबर खालच्या भेगांतल्या पाण्याचा दाबही बदलतो. ताण कसा चढतो-उतरतो हे पाहायला याहून चांगली जागा कुठली? एका बोअरशेजारी दुसरी मारून, एकीत टिचकी मारणारं आणि दुसरीत ऐकणारं यंत्र सोडून, जूनपासून पुढच्या जूनपर्यंत सलग मोजत राहावं, असं मला मनापासून वाटतं. मामा म्हणाले, गावी पोचलो की आधी हजारमाचीला जाऊन विचारतो.